जर्मनचा दांडा अन् कडूबाचा बिब्बा

उस्मानपुऱ्यात कडूबा मिस्त्रीच्या दुकानाला पाटी नाही. टायरवाल्याच्या मागं दोन-तीन टेम्पो पोट उघडं टाकून उभे दिसले की तिथं आत वळायचं. कडूबा मूळचा सिल्लोडकडचा. तीस वरसं त्यानं एकच काम केलं, शाफ्टचं. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपस्तोर नेणारा, गाडीच्या पोटाखालचा लांब पोकळ दांडा म्हणजे शाफ्ट. फिरताना तो एका अंगाला जरासा जड झाला तर गाडी हिवताप आल्यावानी थरथरते. कडूबा तो मशीनवर फिरवायचा, हलक्या बाजूला दोन ग्रॅमची चकती डकवायचा, पुन्हा फिरवायचा. कडूबाचा शाफ्ट माघारी येत नाही, असं तो स्वतःच गावभर सांगत असे, अन् ते खोटं नव्हतं.

दुकानातून शाफ्ट निघाला की त्याला तारेनं बिब्बा अन् कवडी बांधायची, नजर लागू नये म्हणून. बायको आवडाबाई ते डझनावारी ओवून ठेवायची.

एक दिवस श्रीरंग नावाचा इंजिनिअर आला. घराणं कारकुनाचं, पण ह्याला वेगाचं खूळ. जुन्या गाडीत त्यानं थोरलं इंजिन कोंबलेलं, रविवारी सरळ रस्त्यावरची शर्यत होती. त्यासाठी पुण्याहून ॲल्युमिनियमचा शाफ्ट मागवलेला. वजनाला निम्मा, म्हणून गाडी लवकर उचल खाईल, असं त्याचं गणित.

कडूबानं तो हातात धरला, बोटानं टिचकी मारली.

"हे तर जर्मन हाय."

खेड्यात ॲल्युमिनियमला जर्मनच म्हणतात, अन् जर्मनचं पातेलं आदळलं की पोचतं हे शेंबड्या पोरालाबी ठाऊक. श्रीरंग म्हणाला, म्हणूनच नळी जाड घेतलीय. कडूबा म्हणाला, जाड असली तरी रस्त्यावरचा एक दगड उडाला की पोचा पडला, अन् पोचलेला शाफ्ट म्हणजे मेलेला शाफ्ट. दोन-दोन चहा झाले तरी कुणी हटेना. शेवटी ठरलं, कडूबानं पोलादाचा करायचा, दोन्ही पळवून बघायचे.

"माझा थरथरून माघारी आला," कडूबा म्हणाला, "तर उद्यापासून मी पंक्चर काढतो."

दोन्ही दांडे त्यानंच मशीनवर तोलले. परक्याच्या मालावर तर जास्तीच मेहनत घेतली, उगं बोल नको म्हणून.

शनिवारी सकाळी शेंद्र्यात एका कंपनीच्या आवारातल्या लांब रस्त्यावर, रीतसर विचारून, गाडी आणली. करमाडला भावाकडं जायचं म्हणून आवडाबाईबी सोबत. आधी जर्मनचा दांडा. पाण्यावरून साप सरकावा तशी गाडी गेली. कडूबा वेळ मोजायच्या घड्याळाकडं बघंना, आभाळाकडं बघत राहिला.

मग गाडी जॅकवर चढवून पोलादाचा दांडा बसवला. ऐंशीपस्तोर झकास. शंभरच्या पुढं स्टेअरिंग हलाया लागलं. एकशेवीसला आतला आरसा निखळून श्रीरंगच्या मांडीवर पडला. तो हळूहळू माघारी आला, पण चांगल्या घरचा, पडलेला आरसा रुमालानं पुसून नीट बाजूला ठेवला. तेच कडूबाला जास्त झोंबलं.

तो गाडीखाली घुसला. जोड चाचपले, बोल्ट चाचपले. हात पुढं सरकला अन् बिब्ब्यावर आला. तारेला पीळ त्याच्याच हातचा. तोलून झाल्यावर सवयीनं बांधला होता. जर्मनच्या दांड्याला नव्हता बांधला. परक्या मालाला कशाला बिब्बा. दोन-दोन ग्रॅमसाठी जन्म घासला, अन् स्वतःच पंधरा ग्रॅम लटकावले. टेम्पोला आजवर कळलं नाही, टेम्पो तसाबी थरथरतोच. हा दांडा मात्र भिंगरीवानी फिरत होता.

कडूबा तसाच उताणा पडून राहिला. बोल्ट ढिला होता म्हणावं, कोण बघतंय. बिब्बा सोडून त्यानं खिशात टाकला. खिशातल्या चकत्यांवर कवडी वाजली.

"अवो," बाहेरून आवडाबाई म्हणाली, "खिशात काय वाजलं?"

तीस वरसं कवड्या ओवणाऱ्या बाईला काय सांगायचं? कडूबा सरपटत बाहेर आला अन् बिब्बा-कवडी श्रीरंगच्या तळहातावर ठेवली.

"शाफ्टात खोट नाय. ही माझ्या हाताची खोट."

श्रीरंगनं ते तळहातावर झेलून बघितलं अन् हसत खालीच बसला. पुन्हा गाडी काढली. एकशेचाळीसला पोलादाचा दांडा गप. पण घड्याळ जर्मनच्याच बाजूनं बोललं, थोड्याच फरकानं. कडूबानं घड्याळ दोनदा मागून घेतलं.

"रविवारी जर्मनच लावा," तो म्हणाला. "सपाट रस्ता हाय, गोटा नाय, धोंडा नाय. म्हैसमाळचा घाट चढायचा आसंल तवा मातर माझा लावा."

बिब्बा त्यानं बंपरला बांधला.

"अन् पंक्चरचं?" आवडाबाईनं गाडीत बसता बसता विचारलं.

"शाफ्ट कुठं माघारी आला?" कडूबा म्हणाला. "मीच त्याच्याकडं आलो की."