आबांनंतरचं पाणी

आमच्या घरी बंबातलं पहिलं पाणी आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. त्यानंतर ते ज्याला हाक मारतील त्याचं. ती हाक लहानपणापासून मला होती, आणि ती फुकट नव्हती. तांब्याचा तो बंब मी सांभाळत होतो. मधल्या नळीतली राख काढायची, कपाशीच्या पऱ्हाट्या मोडून भरायच्या, बाहेरून चिंचेनं घासायचा, विहिरीच्या पाण्याचा आत धरलेला पांढरा थर खरवडायचा. हात भाजायचे. पण आबा ओल्या अंगानं बाहेर येऊन "चाल रे, तुन्हा नंबर" म्हणायचे, तेव्हा चुलतभावांकडे मी मुद्दाम बघून घ्यायचो.

मग तो आला. पुण्याकडचा, माझ्याच वयाचा, सरकारविरुद्ध पत्रकं लिहिली म्हणून तुरुंगात गेलेला आणि नुकताच सुटलेला. शहाद्याच्या सभेसाठी कार्यकर्त्यांनी त्याला आमच्याकडे उतरवला. पत्रकं मीही लिहीत होतो, गावोगाव पायी वाटत होतो. मला अजून कुणी पकडलंच नव्हतं, त्याला मी काय करणार? दुसऱ्याच सकाळी आबा न्हाऊन बाहेर आले आणि म्हणाले, "या भाऊ, तुमनं पानी तयार शे."

मी पंचा खांद्यावर टाकून उभा होतो. तसाच उभा राहिलो.

समतेवर तासभर बोलणारा हा माणूस मी तापवलेल्या पाण्यानं आंघोळ करताना गाणं म्हणायचा. आवाज चांगला होता, तेही सांगून टाकतो.

बंबाचा आमच्याकडे एक नेम होता: जितकं ऊन पाणी काढाल, तितकं गार पाणी लगेच वरून ओतायचं. मायनं त्यालाही तो सांगितला होता. नेम इतका अंगवळणी पडलेला, की सकाळी पेटवताना आत पाणी आहे का, हे आम्ही कुणी पाहतच नसू. एका संध्याकाळी या गृहस्थानं आपले खादीचे सगळे कपडे ऊन पाण्यानं धुतले आणि बंब रिकामा सोडला. सकाळी मी नेहमीसारखा पेटवला. थोड्याच वेळात तांबं काळंनिळं पडलं, सांधा जोडणारा डाख वितळला आणि नळी सुटली.

"पानी नही नि पेटाडा? डोकं शे का खोकं?" आबा शेजारपाजारी ऐकू जाईल असे माझ्यावर ओरडले.

तो पुढे आला. "चूक माझी आहे, आबा. पाणी मी काढलं, भरलं नाही."

आबांचा चेहरा लगेच मऊ झाला. "जाऊ द्या भाऊ. बंब जुनाच व्हता. पन तुम्ही मानूस खरा शेतस."

गुन्हा माझ्या नावावर होता तोवर बंब नवा. त्याच्या नावावर गेला आणि एका क्षणात जुना! सरकारी न्यायावर मी पत्रकं काढली आहेत. हा न्याय त्याहून वेगळा कसा, ते कुणी मला समजावून द्यावं.

बैलगाडीत घालून बंब शहाद्याच्या तांबटाकडे मीच नेला. डाख लावून, आतून कल्हई करून आणला. जागेवर बसवला, गळत नाही हे पाहिलं, काठोकाठ भरला, पेटवला. आबा न्हाले. बाहेर येऊन हाक त्यालाच मारली.

मला राहवलं नाही. "आबा, नि मी?"

"तू घरना शे ना," आबा म्हणाले आणि डोकं पुसू लागले.

यानं मला बरं वाटायला हवं होतं म्हणे. घरच्यानं राबावं आणि घरचा म्हणून मागं उभं राहावं, हे ज्यांना गोड लागतं त्यांना लागो. मी विहिरीवर गेलो, गार पाण्याचे पोहरे अंगावर घेतले. आणि दात वाजत असतानाही आबा बघताहेत का, ते वळून वळून पाहत राहिलो.