दस्तीखालची बोटं

मुखेडच्या जनावरांच्या बाजारात चंद्रप्पांनी चाळीस वर्षं मध्यस्थी केली. लाल कंधारी गोऱ्हा दुरून चालत आला की ते त्याच्या शिंगांकडं बघत नसत, रंगाकडं बघत नसत. चार पावलं बघायचे आणि मान हलवायचे. हो, नाहीतर नको. त्या मानेवर पंचक्रोशीतली औतं चालली. एका गोष्टीचा त्यांना अभिमान: "खोड झाकून जनावर कुणाच्या गळ्यात मारलं न्हाई."

आता बाजार उरला तो शेळ्यामेंढ्यांपुरता. बैलाची जागा ट्रॅक्टरनं घेतली आणि ट्रॅक्टरच्या पायाकडं बघायला कुणी चंद्रप्पांना बोलावत नाही. पण माणसाची नजर अशी रिकामी बसत नाही. ती कबड्डीकडं वळली.

एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात आमचा सात जणांचा फँटसी कबड्डीचा फड आहे. मोबाईलवरच्या खेळावरून आम्ही तो उचलला, पण कायदे आमचे. राज्याची लीग सुरू व्हायच्या आधी चिठ्ठ्या टाकून नंबर लावायचे आणि नंबरानं एकेकानं पाच खेळाडू बोलून घ्यायचे. एक खेळाडू एकाच्याच वाट्याला. खेळ तिकडं मॅटवर, गुण इकडं भिंतीवरच्या कॅलेंडरवर. चौदा सामने झाले की जो शेवटी राहील त्यानं स्वतःच्या हातानं सुशीला करून सगळ्यांना वाढायची. भिजवलेले मुरमुरे, दाळव्याचं कूट, कढीपत्त्याची फोडणी; करायला सोपी, पण वाढताना जी बोलणी खावी लागतात ती पचायला जड. चंद्रप्पांनी पाच वर्षांत एकदाही वाढली नव्हती. उलट आम्हीच त्यांना विचारून पोरं निवडायचो.

यंदा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, उमरीचा प्रीतम. वय वीस. आई नागुबाई अंगणवाडीत मदतनीस. त्या माउलीनं एकटीनं वाढवलेला पोरगा पहिल्यांदाच लीगच्या संघात गेलेला. जिल्ह्याच्या स्पर्धेत एकेका सामन्यात पंधरा-पंधरा गुण काढलेला.

"डोळे झाकून घ्यायचा," देविदास म्हणाला. हा शाळेत लिपिक. ऐकलेली गोष्ट त्याच्या पोटात चहा निवेपर्यंत राहत नाही.

"डोळे झाकून बायकोबी करू न्हाई, खेळाडूबी घेऊ न्हाई," चंद्रप्पा म्हणाले. "मी बघून येतो."

"अप्पा, मोबाईलवर हाय की त्याचा व्हिडिओ."

"व्हिडिओत चढाई दिसती. मला चाल बघायचीय."

नुकतंच त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्यांच्या मंडळींनी, दानम्माकाकूंनी, मला सोबत धाडलं. प्रीतम तेव्हा विष्णुपुरीला मित्राच्या खोलीवर राहून सराव करत होता. आम्ही सकाळीच पोचलो. धरणाकडून गार वारा येत होता आणि मातीच्या मैदानावर तो लवलवता पोरगा चढाया करत होता. मी तर बघतच राहिलो. पाच जणांच्या मधून असा निसटायचा, जसा ओल्या हातातून साबण.

चंद्रप्पा चष्मा हातात धरून बसले होते. सराव संपला, प्रीतम पाणी प्यायला नळाकडं निघाला, तेव्हा कुठं त्यांनी चष्मा पुसला आणि त्याची चार पावलं बघितली.

"पाय चोरतोय," ते हळूच म्हणाले.

त्यांनी त्याला कडुनिंबाखाली बोलावलं, विचारपूस केली, आईची खुशाली विचारली. मग खांद्यावरची पांढरी दस्ती काढून त्याच्या आणि आपल्या हातावर टाकली. जनावराच्या बाजारात भाव असाच ठरतो. कापडाखाली बोटं दाबायची; दोघांना कळतं, तिसऱ्याला नाही. मी तिसरा होतो, आणि त्यांचं पुढचं बोलणं इतकं हळू चाललं होतं की मला ऐकूही आलं नाही. मला तेव्हा काही कळलं नाही. पुढं प्रीतमनंच सांगितलं ते आत्ताच सांगून टाकतो.

चंद्रप्पांनी विचारलं होतं, "पाच बोटं म्हंजी पाय पुरा. तुझा डावा पाय किती हाय, तेवढी दाब."

पोरानं आधी मैदानाकडं बघितलं. मग दोन बोटं दाबली.

घोटा महिनाभर दुखत होता. सांगितलं तर संघातली जागा जाईल, म्हणून पट्टी आवळून खेळत होता.

"आईला माहीत न्हाई अप्पा. कुणालाच माहीत न्हाई."

"पाय दुखावलेला बैल महिना-दोन महिने दावणीला ठेवला तर जन्मभर औत ओढतो. तसाच जुंपला तर एका पेरणीत संपतो. तुझ्या कोचला तू सांग. तुझ्या तोंडानं."

"सांगतो. पण तुम्ही मुखेडात बोलू नका. उमरीला कळलं तर आई रडून रडून..."

"दस्तीखालचं दस्तीखालीच राहतं," चंद्रप्पा म्हणाले.

परतीच्या एसटीत ते दस्तीची घडी घालत नि मोडत बसले. माझ्या मनात आलं, पोरगा पसंत पडला नाही, उद्या सांगतील 'नको'. पण अडचण तिथंच होती. त्यांच्या 'नको'चा अर्थ अख्ख्या मुखेडाला पाठ आहे: पायात खोड. देविदासनं ती गोष्ट ग्रुपवर टाकली असती आणि हातातला चहा निवायच्या आत ती उमरीत पोचली असती. आणि गप्प राहावं तर देविदासच प्रीतमला घेणार. म्हणजे खोड झाकून जनावर दुसऱ्याच्या गळ्यात मारल्यासारखंच. चाळीस वर्षांत जे केलं नाही ते.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या निघाल्या. पहिला नंबर चंद्रप्पांचा, दुसरा देविदासचा.

पहिल्या नंबराला लीगमधला सगळ्यात तगडा चढाईपटू मिळत असतो. चंद्रप्पांनी कॅलेंडरकडं बघितलं, दस्तीनं तोंड पुसलं आणि म्हणाले, "प्रीतम. उमरी."

देविदासनं कपाळावर हात मारला. "घ्या! माझ्या तोंडचा घास पळवला म्हाताऱ्यानं!"

लीग सुरू झाली. पहिला सामना, प्रीतम राखीव. दुसरा, राखीव. संघवाले कारण सांगत नव्हते. आठ सामने चंद्रप्पांच्या रकान्यात प्रीतमपुढं शून्यच शून्य. देविदासला मिळालेला तो तगडा गडी धो धो गुण काढत होता.

"अप्पा, डॉक्टरनं मोतीबिंदू काढला का नजरच काढली?"

"दोन्हीबी काढलं असंल," चंद्रप्पा हसायचे. पण चहा अर्धा ठेवून उठायचे, ते मी बघत होतो. बाजारात मान गेली होती. उरलीसुरली या कॅलेंडरवर चालली होती.

नवव्या सामन्यात प्रीतम मैदानात उतरला. शेवटच्या सहा सामन्यांत त्यानं असा खेळ केला की टीव्हीवाल्याचा घसा बसला. पण आठ शून्यांचा खड्डा भरत नसतो. चंद्रप्पा शेवटचेच राहिले.

सुशीलेच्या दिवशी हॉटेलात दानम्माकाकू स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या, "हळद किती टाकून राहिलात! बैलाच्या शिंगाला लावायची न्हाई ती!" चंद्रप्पा घामाघूम. तेवढ्यात नांदेडच्या गाडीतून प्रीतम उतरला, हातात पेढ्यांचा पुडा. पुढच्या हंगामालाही संघानं त्याला ठेवून घेतलं होतं.

देविदास ताटली पुढं करून म्हणाला, "वाढा अप्पा. पायाची पारख करणारे, आता मिठाची तरी करा."

सगळे हसले. प्रीतम हसला नाही. "देविदासकाका, अप्पांनी माझ्या..."

चंद्रप्पांनी झारा खाली ठेवला आणि खांद्यावरची दस्ती त्याच्या हातावर टाकली. हळदीचे हात तसेच. पोरगा थांबला. त्याचे डोळे भरले. कापड जरासं हललं.

मी चंद्रप्पांच्या तोंडाकडं बघत होतो. जातिवंत गोऱ्हा चालत आला की त्यांची मान जशी हलायची, तशी ती हलली.

"पाचीच्या पाची?" ते म्हणाले.

"हाव अप्पा. पाच."

"काय पाच? कशाचे पाच?" देविदास ओरडला.

"पाच ताटल्या खाणार म्हणतोय," चंद्रप्पा म्हणाले. "बस रे. वाढतो."

हे लिहायची परवानगी प्रीतमनं दिली, आईला त्यानं स्वतःच सांगितलंय. चंद्रप्पांना विचारलं तर ते म्हणतात, कसलं कापड नि कसली बोटं, यंदा माझी पारख चुकली.