फेसात भिजलेली तारीख

तारीखकाकांच्या दाढी करण्याला एक क्रम होता. गालांना साबण लावताना ते जगातली एखादी विचित्र गोष्ट सांगत, म्हणजे शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो, असं काहीतरी. त्या वेळी गिऱ्हाईक हललं तरी बिघडत नाही. वस्तरा गालावरून फिरू लागला की इतिहास. इतिहास ऐकताना माणूस आपोआप गप्प बसतो, असा त्यांचा अनुभव होता. वस्तरा गळ्याशी आला की एक शब्द नाही. आणि विनोद सगळ्यात शेवटी, वस्तरा मिटून बाजूला ठेवल्यावर.

"हसणाऱ्या माणसाजवळ पातं असू नये," ते म्हणत.

हा सगळा माल त्यांना आरशाशेजारच्या कॅलेंडरातून मिळायचा. रोज एक पान फाडायचं तसलं ते जाडजूड कॅलेंडर. वर ठळक आकडा, खाली बारीक अक्षरांत दिनविशेष, त्याखाली एक नवल आणि एक विनोद. सकाळी दुकान उघडल्यावर काका हात धुऊन, कोरडे करून कालचं पान फाडत. मग नवं पान तोंडपाठ होईपर्यंत वाचत. फाडलेल्या पानाचे चौकोनी तुकडे करून ते आरशाखालच्या फळीवर ठेवत, कारण वस्तऱ्यावरचा फेस पुसायला कागद लागतोच. संध्याकाळपर्यंत आदला दिवस असा केसाकेसाने, फेसाफेसाने संपून टोपलीत जायचा. काल काय सांगितलं होतंत, असं कुणी विचारलं तर काका म्हणत, "कालचं डोक्यात ठेवलं तर आजचं कुठे ठेवू?"

आमच्या गल्लीत तारीख खिशात घेऊन हिंडायची सोय तेव्हा नव्हती. काका म्हणतील तो दिवस. शाळेत जाणारी पोरं, पेन्शनीतले म्हातारे, समोरचा शिंपी, सगळे येता-जाता दारातून विचारत, "काका, आज काय विशेष?" आणि आत न येताच शहाणे होऊन पुढे जात.

अशा माणसाला एकच मुलगी होती आणि तिने परस्पर लग्न ठरवलं होतं.

परस्पर म्हणजे अगदीच परस्पर नव्हे. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. डेअरीतला एक तरुण तिथे वारंवार खोकल्याचं औषध घ्यायला यायचा आणि त्याला खोकला नव्हता. हे तिने आईला सांगितलं, आईने काकांना. काकांनी आपली अट घातली, "आधी माझ्या खुर्चीत बसू दे. माणूस वस्तऱ्याखाली कळतो."

"फक्त दाढी करायची. मुलाखत घ्यायची नाही, असं ती म्हणतेय," काकू म्हणाल्या.

"दाढी म्हणजे मुलाखतच असते. फक्त उत्तरं द्यायची सोय नसते."

चौदा ऑक्टोबरला सकाळी अकराला मुलगा येईल असं ठरलं. मुलगी लाजेने बापाशी त्याविषयी चकार शब्द काढत नव्हती. निरोप्या होत्या त्या काकू, आणि त्या नेमक्या दोन दिवसांसाठी आपल्या बहिणीकडे गेल्या. त्यामुळे घरात बापलेक एकमेकांना फक्त चहाचे कप आणि जेवणाची ताटं देत होते.

त्या सकाळी काकांनी दुकान उघडलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक, समोरचा शिंपी, फळकुटावर वाट बघत बसलाच होता. काकांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. त्यांनी वाटीत साबण घोळवायला घेतला आणि मग आठवण होऊन, तशाच ओल्या, बुळबुळीत बोटांनी कॅलेंडरचं पान ओढलं. साबणाने दोन पानं एकमेकांना चिकटली आणि दोन्ही एकदम हातात आली. काकांना ती एकच वाटली. सवयीने त्यांनी कात्री घेतली, तुकडे केले, फळीवर ठेवले. मग वर पाहिलं. पंधरा.

काका थोडा वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले.

पंधरा म्हणजे काल चौदा होती. म्हणजे तो काल यायला हवा होता. आला नव्हता. की आला होता? त्यांनी कालचा दिवस आठवून पाहिला. तीच खुर्ची, तोच आरसा, समोर एकामागून एक येऊन जाणारे पांढरे गाल. कालचा दिवस परवाच्यासारखाच होता, परवाचा तेरवासारखा. हात घालावा आणि रिकामा बाहेर यावा अशा खणासारखं त्यांना आपलं डोकं वाटलं. त्यांच्या वडिलांना म्हातारपणी असं होऊ लागलं होतं. आधी वार गेले, मग नावं, शेवटी ते आरशातल्या माणसाला नमस्कार करत. काकांनी वस्तरा पट्ट्यावर जरा जास्तच जोराने घासला. छे. आपलं डोकं शाबूत आहे. तो पोरगाच आला नाही. दिलेली तारीख न पाळणारा माणूस, झालं.

"काका, आज काय विशेष?" खुर्चीत बसून गालांना साबण लावून घेताना शिंप्याने विचारलं.

"पंधरा ऑक्टोबर..."

"पंधरा?" शिंपी खुर्चीतून उडालाच. "अहो, मेलो! आज हिचा वाढदिवस! गेल्या वर्षी विसरलो तर महिनाभर माझ्याशी फक्त कपाटाकडे तोंड करून बोलत होती!" आणि गालांना साबण तसाच ठेवून, गळ्यातला टॉवेल उडवत तो रस्त्यापलीकडे पळाला.

अकराच्या ठोक्याला दारात एक उंच, किडकिडीत तरुण उभा राहिला. हातात लोण्याचा डबा.

"काका, मी तो... डेअरीतला."

"या. बसा." काका तिशीच्या आतल्या कुणाला कधी 'बसा' म्हणत नसत. "उशीर झाला."

तरुणाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अकरा म्हणाली होती ती."

"मी घड्याळाचं बोलत नाही."

तरुणाला काही कळलं नाही. त्याने डबा पुढे केला. "हे काकूंसाठी. आज सकाळी भरलेलं आहे, ताजं."

काकांनी डबा उलटा करून खालचा शिक्का वाचला. चौदा. "म्हणजे कालचं," ते म्हणाले आणि डबा फळीच्या अगदी टोकाला, पडेल न पडेल असा ठेवून दिला.

तरुण खुर्चीत बसला. समोर आरसा आणि आरशाशेजारी ठळक पंधरा. तो आकडा पाहिला आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. साबण लागण्याआधीच पांढरा पडला. काकांनी ते आरशातून टिपलं. चोर सापडला, त्यांना वाटलं.

"डेअरीत काय करता?" ब्रश गोल फिरवत त्यांनी विचारलं.

"तारखा छापायचं यंत्र आहे. पिशव्यांवर, डब्यांवर. पहाटे त्यात आकडे बसवायचे, ते माझ्याकडे असतं."

"वा! म्हणजे तारीख हाच धंदा. तरीही!"

"तरीही काय, काका?"

"तोंड मिटा, साबण जाईल. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, ठाऊक आहे? तीन. माणसाला एकच दिलंय, आणि तेही जागेवर राहत नाही, औषधांच्या दुकानात जातं."

तरुण हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता. काकांनी वस्तरा उघडला आणि इतिहासाला हात घातला.

"आजच्या दिवसाची मोठी गंमत आहे. चारशे वर्षांपूर्वी काही देशांत कॅलेंडर बदललं. माणसं चार तारखेला झोपली आणि उठली ती एकदम पंधरा तारखेला. मधले दहा दिवस नाहीतच. कुणी जगलंच नाही ते." फर्र करून एक गाल मोकळा झाला. काकांनी फळीवरचा तुकडा उचलून पातं पुसलं. "त्यांचे दहा गेले, तरी त्यांनी काही सबब सांगितली असेल. तुमचा तर एकच गेला."

"माझा?"

"हलू नका."

वस्तरा गळ्याशी आला. इथे बोलायचं नाही हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. पण आज शब्द पोटात मावत नव्हते. "मी म्हणतो," काका म्हणाले, "पोरीच्या बापाला दिलेला दिवस ज्याला पाळता येत नाही, तो पुढे काय पाळणार?"

तरुणाचा गळा वस्तऱ्याखाली वर-खाली झाला. ऑक्टोपसची तिन्ही हृदयं त्याच्या गळ्यात एकदम धडधडत असावीत.

काका हनुवटीवर आले, एवढ्यात दार धाडकन उघडलं. शिंपी! गालांवरचा सकाळचा साबण वाळून कडक झालेला, आणि सदऱ्याला फूल.

"काका, पाय कुठेत तुमचे? लग्नानंतर पहिल्यांदाच ती माझ्याकडे बघून हसली!"

"वाढदिवस लक्षात राहिला म्हणून?"

"नुसता लक्षात राहिला? एक दिवस आधी लक्षात राहिला! मी म्हटलं, आज तुझा वाढदिवस. ती म्हणाली, अहो, आज चौदा, माझा उद्या! मी पण काही कच्चा नाही. म्हटलं, उद्या काय, सगळेच शुभेच्छा देतील, मी आजपासून सुरुवात केली!"

"आज चौदा?" काका म्हणाले, आणि हनुवटीवर लाल ठिपका उमटला.

कित्येक वर्षांत त्यांच्या हातून कुणाला लागलं नव्हतं. त्यांनी वस्तरा मिटला, तुरटी भिजवली, ठिपक्यावर दाबून धरली. शिंप्याला प्रसंग कळला नाही, पण हवा कळली. "मी उरलेली दाढी नंतर करतो," असं म्हणून तो मागच्या पावली निघून गेला.

काकांचे डोळे फळीवरच्या तुकड्यांकडे गेले. उरलेल्यांपैकी एक त्यांनी नखाने उचकटला. एकाचे दोन झाले. मग त्यांनी टोपली उलटी केली आणि फेसाने माखलेले तुकडे फळीवर जुळवू लागले. तेराचा तीन. चौदाचा एक. चौदाचा चार, अर्धा विरघळलेला. आजचा दिवस त्यांनी या मुलाच्याच दाढीला पुसला होता.

तरुण खुर्चीतून उठला. अर्धी हनुवटी साबणाची, अर्धी तुरटीची. त्याने तो चार पाहिला आणि एवढा मोठा श्वास सोडला की कडेचे दोन तुकडे उडाले.

"म्हणजे आज चौदाच!"

"चौदाच," काका म्हणाले. "तुला माहीत होतं ना? मग बोलला का नाहीस? मी एवढं टाकून बोललो."

"ती म्हणाली होती, वस्तरा चालू असताना मान हलवायची नाही." तरुण घुटमळला. "आणि खरं सांगू? मला वाटलं, मीच चुकलो. तुम्ही इतक्या खात्रीने सांगत होतात! मला वाटलं, पहाटे मीच यंत्रात चुकीचे आकडे बसवले आणि साऱ्या गावाचं दूध आज कालचं म्हणून दारोदार गेलंय. गळ्यावर वस्तरा होता ना, तेव्हा मी मनात नोकरीचा राजीनामा लिहीत होतो."

काकांनी जुळवलेले तुकडे बोटाने सरळ केले. सकाळी त्या आकड्यासमोर ते स्वतः असेच उभे राहिले होते. आत हात घातला होता आणि तो रिकामा आला होता. फक्त त्यांनी दोष या पोरावर ढकलून दिला होता, आणि हा पोरगा तो आपल्याच अंगावर घेऊन गप्प बसला होता.

"बस," ते म्हणाले. "हनुवटी राहिलीय. आणि आजचा इतिहास द्यायचा राहिलाय तुला. तो तुझा हक्क आहे."

दोघे तुकड्यांवर वाकले. एका तुकड्यावर होतं की याच दिवशी विमान पहिल्यांदा आवाजापेक्षा वेगाने उडालं. "म्हणजे आधी आलं आणि मग ऐकू आलं," तरुण म्हणाला. नवल कुठे सापडेना, ते बहुधा पहिल्या गालाबरोबर गेलं होतं. विनोदाचं निम्मं हाती लागलं.

मिटलेला वस्तरा काकांनी आणखी बाजूला सारला. नियम म्हणजे नियम. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं, "एक माणूस छत्रीच्या दुकानात जातो. दुकानदाराला विचारतो, ही छत्री किती दिवस टिकेल हो? दुकानदार म्हणतो..." त्यांनी तुकडा उजेडाकडे धरला. पुढे नुसता फेस होता, आणि त्यात चार-दोन काळे केस. "गेलं. दुकानदार काय म्हणाला ते गेलं."

तरुणाने विचार केला. पहाटेपासून हजारो डब्यांच्या बुडाशी तो हेच तर छापत आला होता, काय किती दिवस टिकेल ते.

"पाऊस येईपर्यंत," तो म्हणाला.

काकांचा चेहरा आधी तसाच राहिला. मग ते हसू लागले. खुर्चीचा हात धरून, मग फळी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. दर सकाळी पान वाचून दिवसभर दुसऱ्यांना हसवण्याच्या नादात, स्वतःला माहीत नसलेला विनोद त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलाच नव्हता.

त्याच वेळी बसने उतरलेल्या काकू पिशवी घेऊन दारात आल्या. त्यांना दिसलं ते असं: मुलगा रक्ताच्या ठिपक्यासह अर्ध्या दाढीचा उभा, जमिनीवर उलटी टोपली, आणि नवरा रडतोय.

"अहो, फक्त दाढी करायची होती ना!"

"लोणी उचल ते," काका डोळे पुसत म्हणाले. "पडेल. ताजं आहे, आजचं आहे."

दुसऱ्या दिवशी काकांनी गल्लीला पंधरा ऑक्टोबर पुन्हा सांगितला. कुणी तक्रार केली नाही. एकटा शिंपी कुरकुरत होता. वाढदिवस कालच झाला म्हणून तो सुटल्यासारखा निर्धास्त होता, पण बायको म्हणाली होती, कालची ती सुरुवात होती.

पान आता काका पुन्हा कोरड्या बोटांनीच फाडतात. पण त्याआधी दाराची कडी बघतात. पहाटेची पाळी संपवून घरी जाताना जावई तिथे दुधाची पिशवी अडकवून जातो. काका ती हातात घेतात, उजेडाकडे धरतात, तिच्यावरचा आकडा वाचतात, आणि मगच आत जाऊन दिवसाला हात लावतात.