चाचणीआधीची सही

वनिताताई ऑफिसातले दोन जुने संगणक समोरासमोर मांडून त्यांचं भांडण लावायच्या. नव्या माणसाला वाटायचं, बाईंचं काहीतरी बिघडलंय. मलाही वाटलं होतं. माझा कामाचा पहिला दिवस, आणि पन्नाशीची एक बाई चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला दम देत होती, "बोल आता. किती बोलते ते पाहूच दे मले."

आमची कंपनी प्रताप नगरातली, घरी वापरायची ऑक्सिजनची मशीनं भाड्याने देणारी. ग्राहकांच्या तक्रारी ईमेलवर यायच्या आणि सिस्टिम आपोआप पोच द्यायची: 'तक्रार मिळाली. आमचा माणूस चार तासांत येईल.' ताई तक्रार विभागाच्या प्रमुख, मी सिस्टिम सांभाळणारा. त्यांना धास्ती एकाच गोष्टीची. आपल्या पोचेला समोरच्याच्या मशीनने 'सुट्टीवर आहे' असं उत्तर दिलं, त्या उत्तरालाच तक्रार समजून आपल्या मशीनने पुन्हा पोच दिली, तर थांबवणार कोण? "मानसं भांडले तं एखादा थकते गा," त्या म्हणायच्या. "हे थकत नाही."

म्हणून ते दोन संगणक. एकावर सुट्टीचं आपोआप उत्तर लावायचं, दुसऱ्यावर आमची सिस्टिम. एक पोच देऊन सिस्टिम गप्प बसली की पास, दुसरी गेली की नापास. मग वहीत तारीख आणि ताईंची सही. पोचेतला एक शब्द बदलला तरी हा सोहळा व्हायचाच. आम्ही त्याला 'ताईंची कुस्ती' म्हणायचो. त्यांनाही ते ठाऊक होतं.

दुसरा हट्ट नावाचा. हाताने लिहिलेलं प्रत्येक उत्तर स्वतःच्या नावाने सुरू झालं पाहिजे. मी एकदा नुसतंच 'आपली अडचण समजली' असं लिहिलं, तर मला उभं करून विचारलं, "कोनाले समजली? नाव काहून नाही लिहिलं? लोकं तुले मशीनच समजतीन नं बाबू."

त्या शनिवारी मालकांना पोचेचा नवा मजकूर संध्याकाळच्या आत हवा होता. ताईंना सासूबाईंचे डोळे दाखवायला धंतोलीत जायचं होतं, खाली रिक्षा उभी होती. त्यांनी वही ओढली. "सही करून ठेवून राहिली मी. पन चाचणी घेतल्याबिगर चालू नको करजो, प्रशांत."

"हो ताई," मी म्हणालो. चाचणीआधी त्यांनी कधीच सही केली नव्हती. त्या दिवशी केली ती माझ्या त्या 'हो'वर.

मी चाचणी घेतली नाही. चार वाक्यं तर बदलली होती, आणि मला चुलतभावाच्या साखरपुड्याला पोचायचं होतं. यापेक्षा मोठं कारण असतं तर बरं वाटलं असतं, पण नव्हतं. पोचेसोबत एक न दिसणारी खूण जायची, 'हे आपोआप गेलेलं पत्र आहे, याला उत्तर देऊ नका' असं दुसऱ्या मशीनला सांगणारी. मजकूर बदलताना ती गळाली. एका पत्त्याला दिवसातून एकच पोच, ही अटही माझ्याच हाताने बंद पडली.

संध्याकाळी एका दुकानदाराने आम्हाला काहीतरी विचारलं आणि आपल्या मेलवर सुट्टीचं उत्तर लावून तो गावी गेला. आमची पोच, त्याची सुट्टी, आमची पोच, त्याची सुट्टी. रविवारी कामावर असलेल्या मुलीला पडद्यावर त्या एकाच दुकानदाराच्या हजारो तक्रारी दिसत होत्या. त्यांच्या खाली भिवापूरच्या गजानन नावाच्या ग्राहकाचं पत्र दबून राहिलं होतं. 'आईच्या मशीनचा अलार्म वाजतो आहे, लवकर या.' ते सकाळी आलं होतं आणि त्याला आमची पोच गेली होती. चार तासांत माणूस येईल, या भरवशावर तो आईच्या खाटेशी बसून राहिला. दुपारनंतर तिचे ओठ निळे पडायला लागले, तेव्हा त्याने गाडी केली आणि तिला धंतोलीच्या दवाखान्यात आणलं. बाई वाचली. पण त्यानंतर तिचं बोलणं गेलं.

सोमवारी मालकांनी वही टेबलावर आपटली. "चाचणी झाली होती?"

ताई म्हणाल्या, "सही माझी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी वहीकडे पाहत राहिलो. त्याच आठवड्यात ताईंना काढलं. जाताना त्यांनी ते दोन संगणक पुसून कोपऱ्यात ठेवले.

दीड वर्ष मी गप्प होतो. रोज शेकडो लोकांना उत्तरं द्यायचो, एवढं एक सोडून. शेवटी राहवेना, म्हणून गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो आणि चहा येण्याआधीच सगळं सांगून टाकलं.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "सोमवारी मालक यायच्या आधीच दोन्ही संगणकांले समोरासमोर बसवून पाह्यलं म्या. दुसरी पोच गेली, तिसरी गेली. तवाच समजलं."

"मग बोलल्या का नाहीत?"

"तुह्या तोंडून येते का, ते पाहून राहिली होती. आन् सही तं माहीच होती. न पाहता केली."

मला रडू आलं. ताईंनी रडू दिलं, समजूत काढली नाही. मग उठून फडताळातून एक चिठ्ठी आणली. त्या भिवापूरला दोनदा जाऊन आल्या होत्या. "मले सांगून काय होते? गजाननले सांग. तो अजून म्हनते, मी फोन काहून नाही केला, पोचेच्या भरवशावर काहून बसलो. सोतालेच दोष देऊन राहिला तो."

चिठ्ठीवर नंबर होता. मी म्हणालो, उद्या करतो. ताई समोरच्या खुर्चीत बसल्या आणि चष्मा कपाळावर सरकवला. मी तिथूनच फोन लावला. घंटी वाजत असताना त्या हळूच म्हणाल्या, "नाव आधी सांगजो."

"हॅलो, कोन?"

"मी प्रशांत, ऑक्सिजनच्या मशीनच्या कंपनीतला," मी म्हणालो. "तुम्हाला त्या रविवारी पोच आली होती ना, पण माणूस आला नाही, तो माझ्या चुकीमुळे. तुमचं काही चुकलं नव्हतं."

पलीकडे कुणीतरी खाटेवर बसल्याचा आवाज आला. गजाननने फोन ठेवला नव्हता, आणि मीही ठेवला नाही.