अप्पांचा बिल्ला

अप्पा सोनवणे कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी भिंतीवर बोटाची पेरं वाजवून बघत. सुरतेला आमच्या पांडेसऱ्याच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती आणि पाहुणा भिंतीला कान लावून होता. "साडेचार इंची शे," ते म्हणाले आणि मग पाणी प्यायले. वीसेक वर्षं एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढण्यात गेलेली. किरण अडवायला कुठली भिंत पुरेल आणि कुठली नाही, हे त्यांना आवाजावरून कळायचं.

त्यांना मीच बोलावलं होतं. मी मराठी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि शिकवण्यापेक्षा उचापती जास्त करायचो. रिंग रोडला नवं सायबर कॅफे निघालं होतं, तिथे दर रविवारी जाऊन बसायचो. परदेशातले हौशी लोक घरी एक्स-रे काढतात, चाव्या, घड्याळं, माशांचे काटे यांची चित्रं लावतात, ते पाहून माझं डोकं फिरलं. मग इंटरनेटवरच्या एका फुकट जाहिरातीत बडोद्याच्या दाताच्या डॉक्टरांचं जुनं मशीन दिसलं. त्याचा फोटो पडद्यावर पट्टी-पट्टीनं उतरायला पाव तास लागला, आणि तेवढ्यात मी ते घ्यायचं ठरवून टाकलं होतं. साड्यांच्या पार्सलच्या किंतानात गुंडाळून ते घरी आणलं आणि बायकोला सांगितलं, स्टॅबिलायझर आहे.

अप्पांनी किंतान सोडलं आणि तिला सरळ खरं काय ते सांगून टाकलं. मग मला म्हणाले, "मास्तर, किरण डोयाले दिसस नही. म्हनीसन त्याले भ्यावानं." अप्पा अमळनेरकडचे. घरी अहिराणी, दवाखान्यात गुजराती, माझ्याशी पुस्तकी मराठी बोलायचा प्रयत्न करायचे. पण मनातलं काही सांगायचं झालं की अहिराणीवर यायचे. मशीन परत करा म्हणून त्यांनी दोनदा सांगितलं. मी ऐकणाऱ्यातला नाही हे ओळखल्यावर म्हणाले, मग मी समोर असलेला बरा. अट एकच होती, ते नसताना बटण दाबायचं नाही. मशीनची वायर ते घरी नेऊ शकले असते, ती त्यांनी माझ्या शब्दावर इथेच ठेवली.

मग दर गुरुवारी दवाखाना सुटला की ते यायचे. मुदत संपलेल्या फिल्मा पिशवीत घालून आणायचे. मला दाराबाहेर ओसरीवर उभं करायचे आणि स्वतः लांब वायरीचं बटण घेऊन शेजारी थांबायचे. समोर बोंबील असो की घड्याळ, "श्वास धरा" म्हणायचे, आणि मीही मुकाट्यानं धरायचो.

त्यांच्या खिशाला एक बिल्ला असे. किरणांजवळ काम करणाऱ्याच्या अंगावर किती किरण पडले, हे त्या बिल्ल्यात साठतं. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. आमच्याकडे आले की अप्पा तो काढून बायकोच्या हातात द्यायचे; ती आत मिसळणाच्या डब्यावर ठेवायची. दवाखान्याचा बिल्ला दवाखान्याचंच खरं सांगेल, असं ते म्हणायचे.

एका गुरुवारी अप्पांना पुतण्याच्या लग्नाला जायची घाई होती. बिल्ला आमच्याकडेच राहिला. हरवू नये म्हणून बायकोनं तो मशीनच्या खोलीत खुंटीला लावला. अप्पा आठवडाभर गावी, शाळेला सुट्टी आणि मशीन समोर. तिसऱ्या दिवशी मी बटण दाबलं, मग दाबतच राहिलो. बिल्ला खुंटीवर लटकतोय हे मला दिसत होतं. तो आत ठेवायला चार पावलं चालावं लागलं असतं. मी चाललो नाही. याला विसरणं म्हणत नाहीत. पुढे मी तसं पुष्कळदा म्हणून पाहिलं.

अप्पा परतले आणि बिल्ला घेऊन गेले. दोन-अडीच महिन्यांनी बिल्ले तपासणाऱ्यांचं दवाखान्याला पत्र आलं: सोनवणे यांच्या बिल्ल्यावर नेमून दिलेल्या मर्यादेच्या कितीतरी पट किरण पडले आहेत, खुलासा करा. त्या संध्याकाळी अप्पा आले आणि बसले नाहीत. ते गावी असताना मी मशीन चालवलं होतं का, एवढंच त्यांनी विचारलं. खरं सांगितलं तर दवाखान्यातून कोणीतरी शाळेत येईल, नोकरी जाईल, हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं. अप्पांची नोकरी आलीच नाही. मी म्हणालो, "नाही, अप्पा. शब्द दिला होता ना."

ते मान हलवून गेले. बिल्ला आपल्याच हलगर्जीपणानं दवाखान्यातल्या एक्स-रेच्या खोलीत राहिला, असं त्यांनी लिहून दिलं. ज्या माणसानं जन्मात कधी हलगर्जीपणा केला नाही, त्यानं. डॉक्टरांनी त्यांना मशीनवरून काढलं आणि बाहेर काउंटरवर बसवलं, पेशंटची नावं लिहायला. मी एकदा तिथून जाताना पाहिलं, नव्या ऑपरेटरनं आतून पेशंटला हाक मारली की अप्पा अर्धवट उठत आणि परत बसत. मी मशीन बमरोलीच्या भंगारवाल्याला दिलं. त्याला मी पश्चात्ताप समजत होतो. खरं तर पुरावा घालवत होतो.

पुढच्या वर्षी ते सुरत सोडून मुलाकडे अमळनेरला निघाले. एसटी स्टँडवर मी सगळं सांगून टाकलं.

"माले माहीत व्हतं, मास्तर. मी त्या दिन नोकरीसाठी इचारं नव्हतं. बिल्लावर एवढं चढनं, मंग तुमनावर कितलं चढनं व्हई, त्यानी भीती वाटनी माले."

मी कुठे उभा होतो, किती वेळा दाबलं, हे त्यांनी एकेक करून विचारलं. आत, मशीनपाशीच, असं मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. उद्याच्या उद्या रक्त तपासून घ्या, असं बस सुटेपर्यंत सांगत राहिले. मला तोंड लपवायला जागा नव्हती आणि हा माणूस माझ्या रक्ताची काळजी करत होता.

मी तपासलं नाही. का तपासायचंय, असं लॅबवाला विचारेल याची भीती वाटली. महिन्याभरानं अप्पांचं आंतरदेशीय पत्र आलं. त्यात ख्यालीखुशाली नव्हती, फक्त विचारलं होतं, रक्त तपासलं का. मी उलट टपाली कळवलं: तपासलं, सगळं ठीक आहे.

त्यांच्या दहाव्याला मी अमळनेरला गेलो. मुलगा म्हणाला, तुमचं पत्र आलं त्या दिवशी अप्पा फार दिवसांनी पोटभर जेवले होते. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी लॅबमध्ये रक्त तपासायला गेलो.