हरणाऱ्याचा गुलाल

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या मंडळी, म्हणजे मला नीट सांगता येईल. मी उत्साहाच्या भरात काही करायला गेलो की काय होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे!

करोनाचे दिवस. आम्ही तिकडे ट्यूलिपच्या देशात, हूफडॉर्पला. ऑफिस जेवणाच्या टेबलावर, लेकीची शाळा सोफ्यावर. शेजारी मानुएल, मूळचा केप व्हर्देचा. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडचा छोटासा बेटांचा देश तो. तिथं संसदेची निवडणूक लागली आणि याची थोरली बहीण उभी राहिली! आई लवकर गेली, तेव्हा या ताईनंच त्याला लहानाचं मोठं केलेलं. विमानं जवळजवळ बंद, त्यामुळे बिचारा इथं बसून नुसता तळमळायचा.

रोज संध्याकाळी आम्ही आपापल्या दारात खुर्च्या टाकायचो, मध्ये दीड मीटर सोडून. तो प्रचाराच्या बातम्या द्यायचा, मी सल्ले. अहो, मी सांगली जिल्ह्यातला! आमच्याकडे दूध सोसायटीची निवडणूकसुद्धा लोकसभेसारखी लढवतात. आठवडाभरात ती ताई मला माझीच वाटायला लागली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, मानुएलच्या दारात ही फुलं! एक माणूस ट्यूलिप ठेवून गेला, मागोमाग दुसरा गुच्छ घेऊन आला.

"अश्विनी, ताई आल्या निवडून!" मी बायकोला ओरडून सांगितलं.

"अरे, आधी विचार तरी त्याला!"

"विचारायचं काय त्यात? फुलं येतायत ना!"

तुम्हीच सांगा, आपल्याकडे पडलेल्या उमेदवाराच्या दारात कधी कुणी फिरकतं का?

मी गणपतीतली उरलेली गुलालाची पिशवी काढली आणि बेल वाजवली. मानुएलनं दार उघडलं, हातात फोन. आता दीड मीटरवरून गुलाल लावणार कसा? उधळावाच लागतो! दोन्ही मुठी भरून उधळला. वर घोषणाही दिली, "ताईसाहेबांचा विजय असो!"

मानुएल नखशिखांत गुलाबी. पण हसेना. डोळे सुजलेले.

"ताई हरली," तो म्हणाला. "फुलं मित्रांनी पाठवलीत, धीर द्यायला. घरी कुणाला येता येत नाही ना."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला! आणि अशा वेळी शहाणा माणूस माफी मागतो. मी काय केलं?

"माहितेय रे," मी म्हणालो. "आमच्याकडे हरणाऱ्यालाच गुलाल लावतात. म्हणजे... चांगली लढत दिली म्हणून!"

मागून अश्विनीनं कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

तेवढ्यात त्याच्या फोनमधून कुणीतरी खदाखदा हसलं. व्हिडिओ कॉलवर ताईच होत्या! भावाचा तो अवतार बघून त्यांना हसू आवरेना. मानुएल मला म्हणाला, "कालपासून ती नुसती रडत होती. आत्ता हसली पहिल्यांदा." आणि तोही हसायला लागला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! उरलेला गुलाल त्यानं मागून घेतला, मीही दिला. विषय संपला.

संपला कसला!

पुढच्या वर्षी आमच्या बिल्डिंगच्या समितीची निवडणूक लागली. सांगलीचं रक्त, राहवतंय का? उभा राहिलो. दणकून पडलो. दोन मतं मिळाली, त्यातलं एक माझंच.

संध्याकाळी तोंड पाडून बसलोय, तर बेल वाजली. दार उघडलं. समोर मानुएल, बरोबर दीड मीटरवर. एका हातात फोन, त्यात ताई. दुसऱ्या हातात ती पिशवी.

"दुसरं मत माझं होतं," तो प्रेमानं म्हणाला. "चांगली लढत दिलीस मित्रा!"

आणि अख्खी पिशवी माझ्यावर रिकामी केली. डिपॉझिट जप्त होऊन गुलालात न्हालेला सांगली जिल्ह्याच्या इतिहासातला एकमेव उमेदवार मीच!