आजोबांचं पहिलं मत आणि माझी सोपी मतपत्रिका

आता माझ्या हुशारीचं काय सांगू तुम्हाला! चारचौघांत तोंड न उघडणारी मुलगी मी, आणि उघडलं ते नेमकं नको तिथे.

आजोबा यंदाच अमेरिकेचे नागरिक झाले. मार्चमधल्या प्रायमरीची, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीची, मतपत्रिका आमच्या बॉथेलच्या घरी टपालाने आली. त्यांचं इथलं पहिलं मत! पण एका रकान्यात एक पक्ष, शेजारच्या रकान्यात दुसरा. आजोबांना वाटलं, दोन्हीकडून एकेक उमेदवार निवडायचा. तसं केलं तर मत बादच की!

मला शाळेच्या प्रोजेक्टला विषयच मिळाला. तेवढ्याच आकाराची, पण सोपी मतपत्रिका मी बनवली. दोन पक्षांच्या मध्ये जाड रेघ, वर ठळक सूचना: ‘एकाच बाजूचा, एकच.’ आजोबांनी आधी तिच्यावर सराव केला, मग माझ्याकडे पाठ करून खरी भरली.

घड्या मी घातल्या. एक पाकिटात, एक माझ्या दप्तरात. आजोबांनी इथल्या नियमाप्रमाणे पाकिटावर पक्ष नोंदवला, सही केली. आता जिभेने ओलं करून चिकटवा आणि उद्या लायब्ररीजवळच्या पेटीत टाका, शेवटचा दिवस आहे, असं मी बजावलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी मतपत्रिका प्रोजेक्टरखाली ठेवली आणि मान खाली घालून कार्ड वाचू लागले. “बघा, चूक व्हायला जागाच नाही.”

सगळे हसले. माझ्या मैत्रिणीने, मायाने, हळूच विचारलं, “जाड रेघ कुठंय?”

मान वर केली. पडद्यावर, भिंतभर, आजोबांचं खरं मत!

बाईंनी घाईघाईने प्रोजेक्टर बंद केला. मी आजोबांना फोन लावत राहिले. ते कधी फोन उचलतात का? बसमध्ये सारखं वाटत होतं, वक्तशीर माणूस, सकाळीच टाकून आले असणार.

घरी आले तर आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. पाकीट देवापुढे.

“पहिलं मत तुझ्याबरोबर टाकायचं म्हणून थांबलो.”

“चिकटवलंत?”

“देवापुढे उष्टं पाकीट कसं ठेवू गं?”

मला रडूच आलं. रडत रडत सगळं कबूल केलं, कागद बदलले. आजोबांनी पाण्याचं बोट फिरवून पाकीट बंद केलं आणि आम्ही निघालो.

वाटेत म्हणाले, “मत गुप्त असतं. तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही मी.”

“हो, आजोबा.”

“वर्गात किती मुलं?”

“सव्वीस.”

थोडं चालले. मग काळजीने विचारलं, “मागच्यांनाही स्पष्ट दिसलं ना? तुझा प्रोजेक्ट होता म्हणून विचारतो.”